वस्तादांची नवी माती

"तीन महिने झाले, तरी वीस जोर काढताना हिचे हात लटपटतात. उद्यापासून पाठवू नका हिला," मगदूम वस्ताद सगळ्या तालमीला ऐकू जाईल असं बोलले. विशाखा रडकुंडीला आली. तिची आत्या हौसाक्का मात्र जागची हलली नाही.

"आली तेव्हा दोनच काढत होती," ती म्हणाली.

"अक्का, कुस्तीतलं तुम्हाला काय कळतंय?"

"काहीच नाही, म्हणून तर विचारते. हौद्यात ही नवी माती कधी टाकलीत?"

"पाडव्याला. चार महिने झाले."

"मग तिच्यावर अजून कुस्ती का लावत नाही?"

वस्तादांची छाती फुगली. अडाणी बाईला शिकवायची संधी ते कशाला सोडतील? "माती अशी झटपट तयार होत नसते, अक्का. ताक, तेल, हळद घालायची, रोज उकरायची. वर्षभर मुरल्याशिवाय ती पैलवानाच्या पाठीला सोसत नाही."

हौसाक्कानं भिंतीला टेकवलेलं खोरं उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

"मग वस्ताद, ही चार महिन्यांची माती आधी बाहेर फेका, तिच्या मागोमाग माझी तीन महिन्यांची पोर मी घरी नेते."