आधी सखीची ओटी

ऐका सखीमाते, तुझी कहाणी. एक आटपाट गाव, गावात कासारआळी. तिथं येसू नि आवडी, दोघी मैत्रिणी. त्यांनी सखीमातेचं व्रत धरलं. श्रावणातल्या शुक्रवारी आधी एकमेकींची ओटी भरावी, मग देवीची.

बारा वर्षं दोघींना मूल नव्हतं. मग येसूला दिवस गेले. पहिल्या शुक्रवारी आवडी खण-नारळ घेऊन दारी आली. येसूच्या मनात भीती शिरली. म्हणाली, "आज पाहुणे आहेत." मग एकटीनंच देवीची ओटी भरली. तांदूळ घरंगळून खाली आले. दुसऱ्या शुक्रवारी म्हणाली, "आज अंग मोडून आलंय." तांदूळ पुन्हा घरंगळले. तिसऱ्या शुक्रवारी घरात पाच सवाष्णी जेवत होत्या. आवडी येताना दिसली, तशी येसूनं दाराला कडी घातली नि म्हणाली, "वांझेची नजर नको गं बाई माझ्या पोटावर." आवडीनं बाहेरून ऐकलं. नारळ उंबऱ्यावर ठेवून निघून गेली.

मग काय झालं? पोटातलं बाळ हलेना. येसूनं गूळपाणी घेतलं, हलेना. कुशीवर निजली, हलेना. देवीला हात जोडले, तरी हलेना.

इतक्यात जोगवा मागत एक म्हातारी आली. येसूनं रडत सगळं सांगितलं. म्हातारीनं विचारलं, "सासूनं शिकवलं का?"
"नाही."
"नवऱ्यानं?"
"नाही. मीच बोलले. बारा वर्षं लोक मलाही तेच म्हणत होते, तरी बोलले."
"मग ज्यांच्यादेखत बोललीस, त्यांच्यादेखतच शब्द मागं घे."

येसू त्याच पाचजणींना घेऊन आवडीच्या दारी गेली. एकदा हाक मारली, दोनदा मारली, दार उघडेना. तिसऱ्यांदा म्हणाली, "आवडे, तुला वांझ म्हणाले ती मी. चुकले. या सगळ्या ऐकताहेत." मग कडी निघाली. आवडी म्हणाली, "ओटी भरते. विसरायला वेळ लागेल."
"लागू दे," येसू म्हणाली.

आवडीनं ओटीत एक ओंजळ घातली, दोन घातल्या. तिसरीला बाळानं लाथ मारली. ती आधी आवडीच्याच हाताला लागली. दोघी तिथंच बसून रडल्या. मग येसूनं आवडीची ओटी भरली, दोघींनी मिळून देवीची भरली. एक दाणा घरंगळला नाही.

आवडीला मूल झालं नाही. पण त्यानं तिचा मान उणा झाला नाही. येसूला मुलगी झाली. पाचजणींतली एक म्हणाली, "मुलगीच का गं?" येसू म्हणाली, "आवडीला नि मला तिसरी सखी झाली."

येसूच्या मनाची कडी जशी वेळेत निघाली, तशी तुमची आमची निघो. सखीमातेची ही कहाणी थोडक्यात सांगितली, भरल्या ओटीनं सुफळ संपूर्ण झाली.