पडदा काळा झाला तेव्हा

एकदा एका बाईंना स्वतःच्याच दारावरच्या बेलची धास्ती बसली. शैलजा आगटे हे त्यांचे नाव. सांगलीत दुसऱ्या मजल्यावरच्या घरात त्या एकट्या राहत. पती निवर्तले होते आणि एकुलती मुलगी केतकी लग्न होऊन पुण्याला गेली होती. रिकामे घर खायला उठू लागले, तेव्हा त्यांनी रस्त्यावरचे एक तांबूस पिल्लू घरी आणले आणि त्याचे नाव तांबू ठेवले. पिल्लू मोठे लाघवी होते. पण जसजसे वाढले, तसतसा दाराशी आलेला माणूस त्याला खपेनासा झाला. शेवटी एके दिवशी त्याने सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाची विजार फाडली. दात कातडीला लागले नाहीत, एवढेच काय ते नशीब.

केतकीचे पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे होते. ही हकीकत कळल्यावर तिचा फोन आला.

"आई, माझा तांबूवर राग नाही गं. पण मला आता दोघांचा विचार करावा लागतो. तो असाच राहणार असेल, तर मी सासरीच थांबते."

शैलजाबाईंना लेकीला येऊ नको म्हणणे शक्य नव्हते. तांबूला कुठे ठेवायचे म्हटले, तर माणसांच्या अंगावर जाणाऱ्या कुत्र्याला घेणार कोण?

अशा वेळी त्यांना एका वृद्ध प्रशिक्षकांचे नाव कळले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. हयातभर त्यांनी कुत्र्यांना आणि कुत्रे पाळणाऱ्यांना शिकवले होते. आता गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे ते कोकणातल्या आपल्या घरी बसून व्हिडिओ कॉलवर शिकवत.

वर्ग सुरू झाले. शैलजाबाई चपलांच्या कपाटावर फोन टेकवून ठेवत आणि तांबूचा पट्टा हातात धरून आत उभ्या राहत. जाळीचा दरवाजा बंद असे. शेजारच्या मुजावरभाभी बाहेरून बेल वाजवत. तांबू भुंके, धावू पाही. अण्णा शांतपणे सांगत, "पट्टा ओढू नका. थांबा. आता गप्प झाला ना, द्या पनीर."

बाई सांगितलेले सगळे करत; पण त्यांचे डोळे सारखे फोनकडे जात. "अण्णा, आता देऊ? अण्णा, पट्टा फार ताणला का मी? चुकलं का काही?" अण्णा "बरोबर आहे" म्हणाले की त्यांच्या जिवात जीव येई. बेल पुन्हा वाजली की तो पुन्हा उडून जाई. हळूहळू तांबू भाभींना सरावला. नवा माणूस आला की मात्र त्याचे गुरगुरणे सुरूच होते.

केतकी यायचा दिवस उजाडला. फोन नीट लागतो ना, हे बाई पुन्हापुन्हा पाहत होत्या. ठरल्याप्रमाणे अण्णा पडद्यावर आले. खाली गाडीचे दार वाजले, जिन्यात पावले ऐकू आली आणि केतकी जाळीबाहेर येऊन उभी राहिली. जड झालेली, थकलेली, एक हात पोटावर. तांबूच्या मानेवरचे केस ताठ झाले.

"अण्णा, आता काय करू?" म्हणत बाईंनी फोनकडे पाहिले, आणि त्याच क्षणी अण्णांचा चेहरा नाहीसा झाला. तिथे नुसता काळा चौकोन उरला.

"अण्णा? अण्णा, ऐकू येतंय का?"

उत्तर आले नाही. विचारायला दुसरे कुणीच नव्हते. तेव्हा नाइलाजाने बाईंनी मान खाली घातली आणि तांबूकडे पाहिले.

इतके दिवस त्यांना त्याचे दातच दिसले होते. आज दिसली पोटाखाली दडपलेली शेपटी, मागे पडलेले कान, थरथरणारी मागची पावले. हा तर घाबरला आहे, असे त्यांच्या मनात आले. माझ्यासारखाच.

"आई, उघडतेस ना दार? पाय दुखतायत गं," केतकी म्हणाली.

"थांब जरा, बाळा. त्याला वेळ लागतोय. जिन्यावर टेक थोडी."

लेकीला दाराबाहेर बसवताना त्यांचा जीव कळवळला, तरी त्यांनी दार उघडले नाही. पट्टा सैल सोडून त्या तांबूच्या बाजूला उभ्या राहिल्या. तो गुरगुरला, थांबला, पुन्हा गुरगुरला. मग त्याने एकदा मान वळवून बाईंच्या तोंडाकडे पाहिले. त्या त्याच्याकडेच पाहत होत्या. "आहे रे मी," त्या हळूच म्हणाल्या. त्याने मोठा श्वास सोडला आणि तो खाली बसला.

बऱ्याच वेळाने केतकी आत आली आणि तांबूकडे न बघता खुर्चीत बसली. त्याने लांबून हवा हुंगली. जवळ मात्र तो गेला नाही.

तेवढ्यात फोनवर अण्णा पुन्हा दिसू लागले. बाईंचा आवाज चढला. "ऐन वेळी नेट गेलं तुमचं. काही झालं असतं तर?"

"नेट गेलं नव्हतं, शैलजाताई. माझा कॅमेरा मीच बंद केला. मला इथून सगळं दिसत होतं. जाळी बंद होती, पट्टा तुमच्या हातात होता. जरा जरी धोका दिसला असता, तरी मी लगेच बोललो असतो."

"पण का केलंत असं?"

अण्णा म्हणाले, "बेल वाजली की तांबू प्रत्येक वेळी आधी तुमच्याकडे बघायचा. हा माणूस बरा की वाईट, हे त्याला तुमच्याकडून समजून घ्यायचं असायचं. आणि तुम्ही बघत असायचात माझ्याकडे. त्याला फक्त तुमची पाठ आणि तुमचा घाबरा आवाज मिळायचा. मी पडद्यावर होतो, तोवर तुमची मान वळली नसती."

शैलजाबाईंनी वाकून तांबूच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी विचारले, "आणि बाळ आल्यावर?"

"तेव्हाही शिकायचंच आहे. बाळाला आणि त्याला एकटं कधीच सोडायचं नाही, तो कितीही शहाणा झाला तरी. पुढच्या वर्गाला फोन अशा जागी ठेवा, की तुम्ही मला दिसाल, पण मी तुम्हाला दिसणार नाही."

बाईंनी "बरं" म्हटले. ते म्हणताना त्या फोनकडे पाहत नव्हत्या.