खिंडीतली काठी

फार मागे, राजांची नावेसुद्धा आता कोणाच्या लक्षात नाहीत इतक्या मागे, डोंगरांच्या पोटात मेंढपाळांचे एक गाव होते. गाव मोठे देवभीरू. दर रविवारी सगळे दगडी मंदिरात जमत आणि परमेश्वराला मेंढपाळ म्हणणारे जुने स्तोत्र एका सुरात म्हणत. दुधाचे दात न पडलेली पोरेही ते न अडखळता म्हणत. बाळांनो, तोंडपाठ गोष्टीचा एक धोका असतो. ती तोंडातच राहते.

गावातून उन्हाळी कुरणाकडे जायला एकच वाट होती आणि ती अंधारखिंडीतून जाई. उजवीकडे कडा, डावीकडे दरी. भर दुपारीही तिथे दिवेलागणीइतकाच उजेड असायचा आणि धुके कधी हटत नसे.

पण लोक घाबरत ते धुक्याला नाही. खिंडीत शिरून थोडे पुढे गेले की मागून काठी आपटल्याचा आवाज येई. ठक्. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा ठक्. तुम्ही थांबलात की तोही थांबे. तुम्ही निघालात की तोही निघे. गाव त्याला ‘मागला’ म्हणे, आणि तेवढे म्हणतानाही आवाज खाली जाई. मागे वळून पाहायचे नाही, असा दंडक होता. तो कोणी मोडलाही नव्हता.

मागल्याने पाठ सोडावी म्हणून दर उन्हाळ्यात खिंडीच्या तोंडाशी कळपातले सर्वांत दुबळे कोकरू बांधून ठेवत. परतताना तिथे नुसती दोरी सापडे. रक्ताचा थेंब नाही, लोकरीचा पुंजका नाही. दोरीची गाठ मात्र नीट सोडवलेली असे. लांडगा गाठ सोडवत नाही, हे मेंढपाळांना कळत होते. म्हणून ते त्या दोरीकडे फार वेळ पाहत नसत.

एवढे करूनही दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी दरीत पडेच. आवाज आला की माणसे पळत, मेंढ्या बिथरत आणि धुक्यात वाटेचा काठ दिसत नसे. गावाचे म्होरके शांतवन आबा यांचा तरणा मुलगा असाच गेला होता.

त्या गावात सगुणा नावाची एकटी बाई राहत होती. रोगराईत तिच्या सगळ्या मेंढ्या मेल्या होत्या. उरले होते एक लंगडे कोकरू. तिने त्याला बोळ्याने दूध पाजून जगवले होते. ते वाढले, व्याले, तर तिचा कळप पुन्हा उभा राहणार होता. शिवाय घरात तिच्याशी बोलणारे तेवढेच होते.

उन्हाळा आला. खिंडीच्या तोंडाशी आबा तिच्यापाशी येऊन थांबले.

“सगुणे, कोकरू बांध.”

“आबा, माझ्यापाशी एवढंच हाय.”

“ठाव हाय मला. पर लंगड्यापायी सगळी अडकतील. माणसं जातील, पोरी.”

सगुणाने कोकराला जवळ ओढले. मग तिने विचारले, “आबा, स्तोत्रातला मेंढपाळ ह्या खिंडीत कुठं असतो?”

“पुढं,” आबा म्हणाले. “लई पुढं. आपण त्याला गाठायचं असतं. म्हणून तर पळायचं.”

आबा पुढे गेले. सगुणाने कोकरू बांधले, आणि आबा धुक्यात दिसेनासे होताच सोडून घोंगडीखाली घेतले. ती नेहमीच गावाच्या कळपाच्या मागे चाले. मोकळ्या रानात मेंढपाळाने पुढे राहायचे आणि अरुंद वाटेत सगळ्यांच्या मागे, काठी आपटत, म्हणजे मागे रेंगाळलेल्या जनावराला एकटे वाटत नाही. ही गावाची रीत होती, आणि सगुणाला ती लहानपणी आबांनीच शिकवली होती.

खिंडीत शंभर पावले झाली असतील, तोच मागून आवाज आला. ठक्.

पुढची माणसे पळाली. खुरांचा गलका धुक्यात विरत गेला आणि सगुणा एकटी उरली. कोकरू घेऊन तिला पळता येईना. ती थांबली. आवाज थांबला. ती दोन पावले चालली. ठक्. या वेळी तो हाताच्या अंतरावर होता.

मग तिचा धीर सुटला. मी तिची बाजू घेणार नाही. तिने कोकरू खाली ठेवले, “घे ह्याला, पर मला सोड,” असे पुटपुटली आणि चार पावले पळाली.

मागे कोकरू बें बें करू लागले. दूध घेऊन ती दारात आली की ते जसे ओरडे, तसेच. आणि त्याची तीन पायांची टपटप काठीच्या आवाजाकडे जाऊ लागली.

सगुणाला स्वतःची लाज वाटली. ती मागे वळली.

मागे कोणीच नव्हते. धुक्यात नुसती टपटप ऐकू येत होती. त्या टपटपीमागे जाता जाता तिला कड्यात एक फट दिसली. पळणाऱ्यांना ती दिसणे शक्यच नव्हते. आत गेली तर हिरवेगार गवत, हलतसुद्धा नव्हते असे पाणी, सपाट शिळेवर मांडलेले मीठ, आणि काठोकाठ भरून वाहणारी दगडी डोणी. आणि मेंढ्या. लंगड्या, आंधळ्या, थोट्या, आणि त्यांच्यात उभे तिचे कोकरू.

तिने त्यांचे कान पाहिले. गावात प्रत्येक घर कोकराच्या कानाला आपापल्या खुणेची कातर मारी. गेल्या साली बांधलेल्या कोकराची कातर तिने ओळखली, त्याआधीच्या सालची ओळखली. काही कातरी अशा घरांच्या होत्या, की त्या घरांची छपरे तिच्या आजाच्या वेळीच पडली होती. मेंढी इतकी जगत नाही. सगळ्यांच्या माथ्यावर तेल होते. तिने बोट लावले. ते ओले होते.

“कोण हाय?” तिने विचारले.

सगळ्या मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या. त्या तिच्याकडे पाहत नव्हत्या. त्या तिच्या खांद्यामागे पाहत होत्या.

ठक्.

सगुणा थिजून उभी राहिली. आवाज पुन्हा आला, आणि या वेळी ती पळत नसल्यामुळे तो तिला नीट ऐकू आला. एक ठोका, थोडी उसंत, पुन्हा एक ठोका. आयुष्यभर ती स्वतः मेंढ्यांमागे अशीच तर काठी आपटत आली होती.

तिने कोकरू उचलले आणि वाटेला लागली. धुक्यात ती काठाकडे सरकली की आवाज डावीकडून, दरीच्या अंगाने येई. ती आत सरके. मग तो पुन्हा मागे जाई. सबंध वाटेत ती पळाली नाही.

कुरणात लोक तिच्यासाठी रडत बसले होते. तिने सगळे सांगितले. आबांनी कोकराच्या माथ्यावर हात ठेवला आणि आपली तेलकट बोटे बघत राहिले.

“आबा,” ती म्हणाली, “अरुंद वाटेत मेंढपाळ कुठं चालतो? तुम्हीच शिकिवलंय.”

आबांची नजर खिंडीकडे गेली.

“मागं,” ते म्हणाले. मग गवतात बसले. “माझं पोर चांगलं हळूहळू चाललं हुतं. मीच वरडलो त्याला, पळ म्हणून.”

परतताना कोकरू बांधले गेले नाही. आबा सगळ्यांच्या मागे राहिले. खिंडीत काठीचा आवाज आला. मेंढ्या एकमेकींना चिकटल्या, माणसेही चिकटली, पण पळाले कोणीच नाही. आबांनी डोक्यावरचे मुंडासे काढून हातात घेतले आणि म्हातारपणाच्या सावकाश पावलांनी, रडत, ती वाट पार केली. त्यांचा मुलगा परत आला नाही. तुम्हाला खोटे सांगून मला काय मिळणार? पण त्यानंतर त्या खिंडीत कोणी पडले नाही, आणि गावातले स्तोत्र थोडे हळू म्हटले जाऊ लागले.

तात्पर्य: काळोख्या वाटेवर आपल्यामागे येणाऱ्या पावलांना भिऊन पळण्याआधी थांबून ऐकावे, कारण आपला राखणदार तिथे मागूनच चालत असतो.