झोपाळू जनुक

एके काळी, वीटभट्टीवर राबणाऱ्या गवराबाईच्या मानेवरच्या एका पेशीत एक म्हातारं जनुक राहायचं. ते माझ्यासारखंच होतं, दिवसभर पडून असायचं. शेजारची जनुकं चिडवायची, “आजोबा, तुमचं काम तरी काय?”

“तेच आठवतोय रे,” म्हणत ते कूस बदलायचं.

एका वैशाखात पेशी उन्हाने होरपळली आणि तिचं डोकंच फिरलं. “आता मी वाढतच राहणार!” ती ओरडली. तशी वाढली असती, तर गाठ होऊन गवराबाईच्या जिवावर बेतलं असतं. त्या चटक्याने आजोबांना जाग आली. त्यांनी धडपडत एक प्रथिन घडवलं आणि पाठवलं.

प्रथिनाने पेशीचा हात धरला. “ताई, थांब. आधी भाजलेलं नीट कर.”

“तू कोण मला अडवणारं?”

“मी कोणी नाही. ऊन उतरलं की विरून जाईन. तोवर मात्र हात सोडणार नाही.”

पेशी थांबली, भाजलेलं सांधलं गेलं, प्रथिन विरलं. गवराबाई मान पुसून पाणी प्यायली. तिला काहीच कळलं नाही.

“आजोबा, पुन्हा झोपलात?” शेजारी हसले.

“झोपू द्या रे पोरांनो. मला जाग येते, तेव्हा गवराबाईचं काही खरं नसतं,” असं म्हणून आजोबा घोरू लागले.