केरोपंतांचे घंगाळ

धानोळीच्या सार्वजनिक वाचनालयात पहिल्यांदा येणारा पाहुणा बुचकळ्यात पडतो तो ग्रंथपालाची खुर्ची पाहून. ती आत नाही. बाहेर, पायऱ्यांच्या खाली, कडुनिंबाच्या सावलीत आहे, आणि शेजारी पाण्याने भरलेले तांब्याचे घंगाळ. आत जागा नसेल, असे पाहुण्याला वाटते. मग गावातला कुणी म्हातारा त्याला पायरीवर बसवून घेतो आणि सांगतो, की बाबा, आत जागा रग्गड आहे, पण खुर्ची शपथेने बाहेर आली आहे.

गोष्ट साहेबाच्या राज्यातली. तेव्हा इथे केरोपंत नावाचे ग्रंथपाल होते. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, जीव काय तो पुस्तकांत. पोथी उचलावी तसे ते पुस्तक दोन्ही हातांनी उचलत. वाचनालय हेच त्यांचे घर होते, आणि त्या घराबाहेर त्यांना कुणी नव्हते.

एके दिवशी परत आलेल्या पुस्तकात त्यांना बोटाचा ठसा दिसला, निळसर-जांभळा. मग दुसऱ्या पुस्तकात दिसला, मग तिसऱ्यात. पंतांना अन्न गोड लागेना. तांबोळ्याच्या दुकानातून येणाऱ्यांचे ते हात हुंगू लागले. वैद्यबुवांनी कसला काढा उकळला होता याची चौकशी करू लागले. परत आलेले प्रत्येक पुस्तक पानन् पान तपासायचे, बोट थुंकीने ओले करून पान उलटायचे, आणि वाचनालयाच्या अध्यक्षांनी शहरातून आणून दिलेल्या, देवघेवीच्या नोंदीच्या नव्या पेन्सिलीने डागाशेजारी बारीक फुली करायची, असा त्यांचा दिवस जाई. गावालाही ती बाधा झाली. वर्तमानपत्र वाचणारा शेजाऱ्याच्या नखांकडे डोकावू लागला, आणि आपली बोटे नकळत मुठीत लपवू लागला.

संशयाला उतार लागतो तो नेहमी गरिबाच्या दाराकडे. इथेही तो रंगारी आळीत जाऊन थांबला. तिथली म्हाळसाबाई नवऱ्याकडून अक्षरे शिकली होती. दर बाजाराला ती एक गोष्टीचे पुस्तक नेई, आणि नीळ दिलेली लुगडी वाळत असताना आळीतल्या बायांना मोठ्याने वाचून दाखवी. निळीच्या पिंपात हात घालणारीची नखे निळी असणारच. पंतांनी ती नखे पाहिली आणि तिच्या हातातले पुस्तक काढून घेतले. रंगारी आळीला पायरी बंद झाली.

म्हाळसाबाई रिकाम्या हाताने आळीत परतली. पण गोष्टीतली राजकन्या विहिरीत पडली होती आणि पुस्तक तिथेच सुटले होते. बाया रोज विचारत, निघाली का ती बाहेर? ते विचारणे म्हाळसाबाईला फार लागे म्हणतात.

गंमत अशी, की आळी बंद झाली तरी डाग थांबले नाहीत. उलट वाढले. शहाणा माणूस इथे थांबला असता. पंतांनी मात्र ताडले, की आळीवाले कुणाच्या तरी हातून सूड उगवताहेत. आता त्यांचा कुणावरच विश्वास राहिला नाही.

दसऱ्याला वाचनालयात सरस्वतीपूजन असे. सारा गाव जमला. पंतांनी पायरीखाली हे घंगाळ मांडले, शेजारी कोरा पांढरा पंचा ठेवला, आणि देवीसमोर हात जोडून शपथ घातली. ज्याच्या हाताचा रंग या पंचाला लागेल, तो ही पायरी पुन्हा चढणार नाही आणि इथल्या पुस्तकाला पुन्हा शिवणार नाही.

एकेकाने हात धुतले, पुसले. पंचा पांढराच. शेवटी म्हाळसाबाईला पुढे बोलावले. पंतांनी स्वतः पाणी घातले, तिच्या बोटांकडे डोळे लावून. तिने हात पुसले. निळीचा रंग मुरलेला होता, नखे निळीच राहिली, पण पंचावर थेंबभरही उमटला नाही. तिने तांब्या त्यांच्या हातून घेतला.

"पंत, आता तुमचे बी हात दावा."

लोक हसले म्हणे. पंतांनीही हसतच हात पुढे केले. कोरडी बोटे करडी दिसत होती. पाणी पडले आणि तीच बोटे जांभळी झाली, घंगाळात जांभळी धार उतरली, पंचा जांभळा झाला. ती पेन्सिल होती कॉपिंगची. कोरडी असताना करडी, ओल लागली की जांभळी. नोंद करताना ती बोटांना लागे, आणि थुंकी लावून पान उलटले की ठसा उमटे. जितके तपासावे, तितके डाग. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

अध्यक्ष म्हणाले, शपथ काही तुमच्यासाठी नव्हती. पंतांनी किल्ल्या पायरीवर ठेवल्या.

"देवीला तसं सांगितलं नव्हतं मी," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले.

त्यानंतर ते पायरी चढले नाहीत. घर समोर होते आणि त्यात जाता येत नव्हते. खाली बसून ते येणाऱ्याच्या हातावर पाणी घालत, मरेपर्यंत. शपथेनंतरच्या पहिल्या बाजाराला म्हाळसाबाई आली. तिने हात धुतले, आत जाऊन आपले पुस्तक आणले, आणि खालच्या पायरीवर बसून उरलेली गोष्ट मोठ्याने वाचली. राजकन्या विहिरीतून निघाली ती पंतांच्या देखत, असे सांगतात.

आजही इथला ग्रंथपाल खालीच बसतो. तुम्ही आलात, की तो तुमचे हात पाहत नाही. आधी आपले दोन्ही तळवे तुमच्यासमोर धरतो, तुम्ही ते नीट पाहून मान हलवेपर्यंत थांबतो, आणि मगच तांब्या उचलतो.