जाणत्याचा मुखवटा

आईशप्पथ, ही गोष्ट अगदी खरी आहे. म्हणजे ज्याच्याकडून ऐकली तो खोटं बोलायचा, पण गुरुवारी नाही. आणि त्या दिवशी बहुतेक गुरुवार होता.

फार फार वर्षांपूर्वी एका गावाबाहेर वड होता. तिन्हीसांजेला गाव त्याच्या पारावर जमायचं आणि मुखवटे चढवून बोलायचं. मुखवटा घातला की सुताराला राजाची चूक काढता यायची, सुनेला सासूची. मुखवटा जितका जुना, तितका त्याचा शब्द मोठा.

फांदीवर एक घुबड राखण करायचं. नवा मुखवटा आणला की मालकानं त्याच्या कानात खूण सांगायची: लहानपणी आई लाडानं काय हाक मारायची, ते. मुखवटा चोरीला गेला तर ती खूण सांगायची. घुबड झडप घालून तो परत आणायचं.

झिपरूचा मुखवटा सगळ्यांत जुना. नाव 'जाणता'. जाणता नुसता खोकला तरी लोक माना डोलवायचे.

झिपरूनं तो कुंभाराला विकला, एका दुभत्या शेळीच्या बदल्यात. शेळी दारात बांधली आणि दुसऱ्याच दिवशी रडत वडाखाली गेला.

"घुबडआजोबा, माझा जाणता चोरला हो!"

"खूण?"

"गुळांबू."

घुबडानं कुंभाराच्या तोंडावरून मुखवटा ओढला. थोडं नाकही आलं.

"अरे, विकत घेतलाय मी!" कुंभार बोंबलला. "शेळी दिलीय, शेळी!"

"खूण सांग."

"याची आई याला काय म्हणायची, ते मला काय ठाऊक?"

"मग तुझा नाही," घुबड म्हणालं.

झिपरूला धंदाच सापडला. तेली फसला, मग गुरव फसला. शेवटी परगावचा एक कासार आला, बांगड्या विकणारा. त्यानं घासाघीस न करता बैल दिला.

कासार जाणता घालून पारावर बसायचा खरा, पण तोंड वडामागच्या पडक्या विहिरीकडे करून. काहीतरी गोड गोड बोलायचा. विहिरीतून कुणीतरी हसायचं. लोक लांब सरकून बसायला लागले. झिपरूच्याही अंगावर काटा आला. पण बैल दारात होता, आणि सवय वाईट.

"गुळांबू!" तो ओरडला.

घुबडाला उडावंच लागलं नाही. कासारच धावत आला आणि मुखवटा झिपरूच्या हातात कोंबला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"घे बाबा. तुझाच ना? नक्की?"

"माझाच!"

"सगळ्यांसमोर सांग."

"माझा, माझा, माझा!"

कासार ढसाढसा रडला, झिपरूच्या पाया पडला आणि पळाला. बैलसुद्धा मागितला नाही.

मग विहिरीत बांगड्या वाजल्या. काठावर ओले पाय उमटले. टाचा पुढे, बोटं मागे. हातभर हिरवा चुडा घातलेली हडळ पाराशी आली. हातात हळदीची वाटी.

"अहो जाणते," ती लाजून म्हणाली, "चुडा भरलात, लग्नाचं वचन दिलंत. चला ना, वऱ्हाडी खाली खोळंबलेत."

झिपरू मागे सरकला. "मी नाही! तो कासार होता! मी मुखवटा विकला होता!"

पारावरचा कुंभार हळूच म्हणाला, "असं कसं? चोरला होता ना?"

हडळ झिपरूच्या कानाशी वाकली. आणि त्याच्या मेलेल्या आईच्या आवाजात म्हणाली, "गुळांबू... चल बाळा."

झिपरूनं वर बघितलं. "आजोबा, वाचवा हो!"

घुबडानं एक डोळा मिटला. "खूण बरोबर आहे."

शेळी आपणहून कुंभाराच्या घरी गेली. झिपरू नाही आला. तिन्हीसांजेला विहिरीतून आवाज येतो, "मी विकला होता हो..." आणि मग बांगड्या वाजतात.

विकलेली वस्तू लबाडीनं परत घेतली, की तिच्यासोबतचं संकटही आपलंच होतं.

संपली गोष्ट. काढा आता मूठभर फुटाणे. आणि दिल्यावर परत मागू नका. विहीर इथून लांब नाही.