पितळी हत्तीच्या पोटातली पाने

खूप खूप जुनी गोष्ट आहे. खरी की खोटी, ते शेजाऱ्याला विचारू नका. त्यालाही मीच सांगितली आहे.

एका राज्यात एक पितळी हत्ती होता. राजवैद्यांनी लिहिलेली रोग्यांची दहा हजार पाने त्याच्या पोटात भरली होती. कानात दुखणे सांगितले की पोटात पाने सळसळत आणि हत्ती निदान सांगे. त्याने सेनापतीला मरणाच्या दारातून ओढून आणले, तेव्हापासून राजा शिंकायचासुद्धा हत्तीला विचारूनच.

एका सकाळी राणीचा जबडा दुखू लागला. पाठ भरून आली, मळमळले, दरदरून घाम फुटला. दासीने धावत जाऊन हत्तीला सांगितले.

"बाईमाणूस आहे. जिवाला घोर लावून घेतलाय. सरबत द्या," हत्ती म्हणाला.

महालातली म्हातारी सुईण राजाकडे आली. "महाराज, हे काळजाचं दुखणं आहे. अशा तीन बायका माझ्या डोळ्यांदेखत गेल्यात. वैद्यबुवांना बोलवा."

"आजी, तुम्ही बाळंतपणं बघा," राजा हसला. "हत्तीला दहा हजार रोगी ठाऊक आहेत."

"मग हेच दुखणं तुमचं म्हणून सांगा त्याला."

राजाने गंमत म्हणून सांगितले. शब्द तेच, फक्त नाव स्वतःचे.

हत्तीने सोंड आपटली. "काळीज बंद पडतंय. वैद्यांना आत्ताच्या आत्ता आणा."

राजाचा हात हत्तीच्या कानावर तसाच राहिला. मग तो पळत सुटला. वैद्यांना खांद्यावर घालून आणले, पण तोवर अर्धा पेला सरबत पिऊन राणी गेली होती.

राजाने हत्तीचे पोट उघडवले. पुरुषांची पाने नाडी, कळ, घाम, औषध यांनी काठोकाठ भरलेली. बायकांची अवघी चाळीस. त्या राज्यात वैद्य बायकांना तपासत नसत. दासी दाराबाहेरून निरोप सांगे आणि वैद्य न बघताच लिहीत. चाळीसही पानांवर एकच ओळ होती: 'जिवाला घोर लावून घेतला आहे. सरबत.'

"वितळवून टाका याला," सेनापती म्हणाला.

"त्याला का? तो आपण लिहिलेलंच बोलला," राजा म्हणाला.

त्याने सुईणीला आसन दिले आणि तिने पाहिलेली बायकांची दुखणी लिहून घ्यायला वैद्यांना लेखणी घेऊन तिच्यासमोर बसवले. राणीचे पान मात्र त्याने स्वतः लिहिले. जबडा, पाठ, मळमळ, घाम. आणि खाली: 'आम्ही ऐकले नाही.'

तात्पर्य: ज्यांचे दुखणे माणसांनी ऐकले नाही, त्यांचे दुखणे माणसांनी घडवलेल्या शहाण्यालाही ऐकू येत नाही.